सोलांवाचून सोलकढी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव सोडून फुलसावंगीला आले. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्याला जोडलं होतं आणि आमच्या यांना गुरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली ती थेट तिकडे. बोटीनं मुंबई, रेल्वेनं अकोला, मोटारीनं पुसद आणि शेवटी बैलगाडी. गाडीत बसल्यावर मी यांना विचारलं, "इथं पाणी कुठं आहे?" यांना वाटलं मला तहान लागली. त्यांनी फिरकीचा तांब्या पुढं केला. मी विचारत होते समुद्राबद्दल, निदान एखाद्या खाडीबद्दल. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर कपाशी होती आणि मधूनमधून तुरीची ओळ. मी तांब्यातलं पाणी प्यायले.

बिऱ्हाड एका कास्तकाराच्या घरात होतं. त्यांची कपाशीची, तुरीची शेती. घरमालकीण चाळिशी ओलांडलेली, उंच, मोठ्या आवाजाची बाई होती. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. गाडीतून उतरले तशी तिनं माझ्या हातात पितळी गडवा दिला. त्यात करडं, दाटसर, आंबूस काहीतरी होतं. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची ताक घातलेली आंबील होती ती. मी आयुष्यात पहिल्यांदाच चाखली. नवीन सून म्हणून नाही म्हणवेना, आणि तहान तर खरोखरच लागलेली. मी सगळा गडवा संपवला. मोठी माय यांना म्हणाली, "पोरगी चांगली हाय. नखरे नाहीत तिले."

माझ्याबद्दल तिचं हे मत फार दिवस टिकायचं नव्हतं.

भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात आल्यावर पोटाला जरा समजूत घालावी लागते. मी घालत होते. भाकरी थापता येत नव्हती, ती मोठ्या मायकडून शिकले, माझी भाकर तव्यावर पडली की फुटायची आणि ती म्हणायची, "फुटू दे, पोटात गेल्यावर कोण पाहते." यांना गुरांसाठी गावोगाव सायकलनं जावं लागे. तांड्यातल्या एका बाईची म्हैस वेतात अडली होती, ती यांनी सोडवली. तेव्हापासून ती बाई रोज सकाळी आमच्याकडे दूध आणून घालू लागली. गावाबाहेरच्या तांड्यातली ही माणसं. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता ती तिथंच वस्ती करून शेती करत होती. आपसात त्यांची गोरबोली, गावात आले की आपल्यासारखं बोलत. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. तिच्या मुली तिला याडी म्हणायच्या, म्हणून आम्हीही. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेली ओढणी, आणि डोक्यावर दुधाची चरवी अशी चालत यायची की थेंब सांडायचा नाही. आली की उंबऱ्याशी बसायची आणि घटकाभर मला नुसती न्याहाळायची.

दिवस गेल्याचं तिनंच आधी ओळखलं. दिवाळीनंतरची गोष्ट. दूध ओतता ओतता मोठ्या मायला म्हणाली, "डॉक्टरबाईला पाहिलं का? दुधाकडं पाहून तोंड फिरवते."

मला आनंद झाला, आणि आठवड्याभरात भीतीही वाटायला लागली. अंगावरून थोडं लाल गेलं. यांनी महागावहून नर्सबाईंना गाडी करून आणलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, घाबरायचं नाही, पण उठायचंही नाही. पडून राहायचं, जड उचलायचं नाही, आणि एवढ्या लांबच्या माहेरचा प्रवास तर मनातसुद्धा आणायचा नाही. "आणि खायचं," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगात काही नाही."

खायचं तेवढंच जमत नव्हतं. भाकरीच्या वासानं ढवळायचं, फोडणीच्या वासानं उलटी व्हायची. मोठी माय सकाळी एक करायची, संध्याकाळी दुसरं. पातोडीची भाजी केली, शेवयांची खीर केली, गुळवणी केलं. याडी राबडी घेऊन आली, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून गार केलेली. मी दोन घास घ्यायची आणि ताट बाजूला सारायची. खाटेवर पडून छपराकडे पाहत राहायची. एका दुपारी मोठी माय आत आली तेव्हा माझे डोळे भरलेले होते.

"काहून रडून राह्यली वं?"

"काही नाही."

"काही नाही त रडते कायले? दुखून राह्यलं का?"

"नाही."

ती खाटेच्या कडेवर बसली. "मंग सांग मले. काय खावंसं वाट्टे तुले? मनात असन ते सांग."

मी सांगून टाकलं. सोलकढी. आमच्याकडे जेवणाच्या शेवटी भातावर घेतात, नुसतीही पितात. मला ती दिवसरात्र दिसत होती. आईच्या हातची, काशाच्या वाटीतली, गुलाबी.

"एवढंच ना," मोठी माय म्हणाली आणि उठली.

दिवेलागणीला ती वाटी घेऊन आली. वाटीतून वाफ येत होती. पिवळी धमक बेसनाची कढी, वर मोहरीची फोडणी, आत वाटल्या डाळीचे गोळे. मी पाहिलं आणि हसूही आलं आणि रडूही.

"मोठी माय, ही नाही. ती गार असते. उकळत नाहीत."

"कढी अन् तिले उकयी नाही?" ती खरोखर गोंधळली होती. "मंग ते कढी कायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी याडी दूध घेऊन आली तेव्हा मोठ्या मायनं सगळी हकीकत तिला सांगितली. माझी खाट आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. दोघी चुलीशी बसल्या आणि मला तिथून विचारू लागल्या, मी आतूनच उत्तर द्यायची. रंग कसला? गुलाबी. चव? आंबट, पण चिंचेसारखी नाही, लिंबासारखी नाही. मग कशासारखी? सोलांसारखी. सोलं म्हणजे? एका फळाची वाळवलेली सालं. ते फळ इथं होते का? नाही होत. आणि पांढरं काय घालतात? नारळाचं दूध.

"नारय त देवाले फोडते," मोठी माय म्हणाली. "त्याचं दूध काढतेत?"

बाजारात तेव्हा नारळ मिळाला नाही, म्हणून तिनं वाळकं खोबरं आणवलं, पाट्यावर वाटलं, पिळलं. त्याला खवट वास येत होता आणि वर तेल तरंगत होतं. मला आतूनच कळलं. चिंचेच्या पाण्यात ते मिसळून तिनं आणलं तेव्हा मी नाक दाबून घोट घेतला आणि तो पोटात राहिला नाही. मोठी माय वाटी घेऊन परत गेली. मला वाटलं, आता पुरे झालं, माझे हे लाड इथं संपले.

पण त्या दोघी संपलेल्या नव्हत्या. अंबाडीची बोंडं तेव्हा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पिकून लालबुंद झालेली असतात. तिकडे त्यांची चटणी करतात, गूळ घालून सरबत करतात. याडीनं येताना ओटीभर तोडून आणली आणि मोठ्या मायपुढं ओतली. म्हणाली, "लाल पाहिजे, आंबट पाहिजे. हे बघ, दोन्ही आहे."

मोठ्या मायनं एक पाकळी चावून पाहिली आणि मला आणून दिली. "पाय बरं, अशी का?"

मी चावली. सोलांसारखी नव्हती. पण सोलांच्या गावाकडची वाट होती ती, एवढं खरं. "अशी नाही," मी म्हणाले, "पण जवळची आहे."

पांढऱ्याचा प्रश्न राहिला. गाईचं दूध फाटलं असतं. ताक घातलं तर आणखी आंबट. शेंगदाणे वाटून पाहिले, त्यांचा कच्चा वास आला. शेवटी मोठ्या मायनं सणाला ठेवलेले पांढरे तीळ काढले, भिजवले, आणि पाट्यावर वाटायला बसली. वाटण्याचा आवाज मी आतून ऐकत होते. आधी खरखर, मग मऊ, मग नुसती वरवंट्याची सरक. फडक्यातून पिळल्यावर पांढरंशुभ्र दूध निघालं. याडीनं बोंडांचं पाणी गाळून दिलं. मीठ किती, लसूण किती, मिरची ठेचायची की चिरायची, हे सगळं मी खाटेवरून सांगत होते, आणि मध्येच कुणीतरी ओरडायचं, "हळू सांग वं, हात एकच हाय."

वाटी आली. आत पाहिलं तर गुलाबी. आमच्यापेक्षा थोडी जांभळट झाक, पण गुलाबी. दोघी माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या. मी एक घोट घेतला. तिळाची चव आली, मग अंबाडीचा आंबटपणा, मग लसूण. आईच्या सोलकढीसारखी ती अजिबात नव्हती. पण गार होती, आंबट होती, आणि गळ्याखाली उतरून तिथंच राहिली. मी वाटी रिकामी केली आणि म्हणाले, "थोडा भात आहे का?"

मोठी माय भात टाकायला पळाली. याडी तिथंच जमिनीवर बसली, ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता पोर राहील."

त्या दिवसापासून मी जेवू लागले. आधी भात आणि ती कढी, मग हळूहळू भाकरीही. भाकरी कढीत कुस्करून खाल्ली तर फार छान लागते, हे मला तेव्हा कळलं. पौष सरला तोवर नर्सबाईंनी उठायची परवानगी दिली. मोठ्या मायनं उरलेली बोंडं अंगणात वाळवली आणि गाडग्यात भरून ठेवली. तिच्या घरातले लोकही आता जेवणात ती मागत. गल्लीत तिचं नाव पडलं डॉक्टरबाईची कढी.

चैत्रात माझी आई आली. मला जाता येत नव्हतं म्हणून तीच सगळा प्रवास करून माझ्या भावाबरोबर आली. भाऊ तिला पोचवून परत गेला. बरोबर एक पोतं. पोत्यात नारळ, सोलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, फणसाची साटं. गाडीतून उतरताच मला म्हणाली, "काय गो, वाळलीस किती." खरं तर मी तेव्हा चांगली भरले होते. पण आईला कुठल्याही परिस्थितीत हेच म्हणायचं असतं.

आल्या आल्या तिनं सोलकढी केली. नारळ खोवला, दूध काढलं, सोलं पिळली. मोठ्या मायला आणि याडीला मुद्दाम बोलावलं. मी पाटावर बसून पाहत होते. मला वाटत होतं, आता या दोघींना खरी गोष्ट कळेल.

मोठ्या मायनं दोन घोट घेतले. "बेस हाय," ती म्हणाली. मग वाटी हलवून पाहत म्हणाली, "जराशी पातय हाय."

याडीनं वाटी नाकाशी नेली. "डोक्याच्या तेलाचा वास येतो," ती म्हणाली. आणि तरीही पिऊन टाकली, कारण दिलेलं टाकायचं नसतं.

आईचा चेहरा पडला. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशीही मोजकंच बोलली. आईच्या कढीबद्दल मी काय बोलू, हा पेच माझ्यापुढं होता. इतक्या महिन्यांनी आईच्या हातची सोलकढी ओठांना लागली होती. डोळे मिटून प्यायले, जीव निवला. मग वाटीच्या तळाशी पोचल्यावर वाटलं, यात तीळ का नाहीत?

हे मी आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या मायनं आपली कढी करून पाठवली. आईनं चमचाभर चाखली. "ही सोलकढी नव्हे," ती ठामपणे म्हणाली. मग अर्धी वाटी घेतली. जेवताना पुन्हा मागितली. हात धुतल्यावर मला हळूच विचारलं, "ही बोंडं वाळवतात ती उन्हात की सावलीत?"

पुढं आईचं आणि मोठ्या मायचं जमलं ते उन्हाळ्यामुळे. वैशाखात तिकडचं ऊन म्हणजे दाराबाहेर पाऊल ठेवायची सोय नाही. आईला असल्या कोरड्या उन्हाची सवय नव्हती. दुपारी ती ओलं फडकं डोक्यावर टाकून ओसरीत बसायची. मोठी माय तिला आंबील द्यायची आणि दोघी आपापल्या बोलीत तासन्‌तास बोलायच्या. एकमेकींचं अर्धं कळायचं, अर्धं कळायचं नाही. न कळलेल्या भागालाही दोघी मान डोलवायच्या. आईनं कुळथाचं पिठलं शिकवलं. मोठ्या मायनं आईला मांडे करून दाखवले, हातावर झुलवत झुलवत रुमालासारखी पोळी मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. आईनं एकदा करून पाहिलं. पोळी कोपरावरून खांद्यावर गेली. मोठी माय इतकी हसली की तिला खांबाला धरून उभं राहावं लागलं, आणि आईही हसली. माझ्या लग्नापासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठात मुलगी झाली. घरीच, नर्सबाईंच्या हातांनी. मला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो नंतर, खाण्याचा. सकाळी आईची हळिवाची खीर. ती संपते न संपते तोच याडी यायची, गव्हाच्या भरड्याची गुळातली लापशी घेऊन, वर तुपाचा थर. "दूध येईल," एवढंच म्हणायची आणि मी खाईपर्यंत हलायची नाही. दुपारी मोठ्या मायचे मेथीचे लाडू, कडू जहर. मी एकदा लाडू उशाखाली दडवला तर तो तिला सापडला. तिनं त्याच्याबरोबर दुसरा आणून दिला. तिघींपैकी कुणालाही दुसरीचं खाणं पुरेसं वाटायचं नाही. आमचे हे एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "आमच्या म्हशींना एवढा खुराक मिळाला तर मला काम उरणार नाही." श्रावण लागल्यावर आई परत गेली. जाताना मोठ्या मायनं तिच्या पदराला अंबाडीचं बी बांधलं. आमच्या दमट हवेत ते कसं उगवलं माहीत नाही, पण उगवलं.

मुलगी बसायला लागली तेव्हा थंडी पडली होती. तिचं उष्टावण करायचं मनात होतं. तेव्हाच मोठ्या मायनं सांगितलं की ती शेतातल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलली होती. कधी बोलली, विचारलं तर म्हणाली, "तू खाटेवर पडून होती ना, तवा. तुले सांगून काय फायदा?" माझ्यासाठी कुणी परक्या माणसानं देवाला असं काही सांगितलं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नवस आणि उष्टावण एकाच दिवशी शेतात करायचं ठरलं. रोडगे पुरुषमाणसं करतात. मोठ्या मायचे यजमान, ज्यांना सगळे काकाजी म्हणत, ते अगदी मुखदुर्बळ. इतक्या महिन्यांत माझ्याशी त्यांचं चार वाक्यांच्या पुढं बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते धोतर खोचून शेतात सगळ्यांना हुकूम सोडत होते. जाड कणकेचे मोठाले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. बाजूला वांग्याची भाजी मोठ्या गंजात रटरटत होती. धूर कपाशीच्या ओळींवरून संथ सरकत होता. यांनी सायकल झाडाला टेकवली आणि वांगी ढवळायला लागले. तांड्यातून याडी आपल्या मुलींना घेऊन आली.

मुलीला पहिला घास कशाचा, यावर आम्ही बायका अडकलो. मी आईनं ठेवलेल्या तांदळाची खीर करून नेली होती. आमच्याकडे उष्टावणाला खीरच. मोठी माय म्हणाली, "गव्हाचा सांजा पायजे. तांदुळानं काय जीव धरते पोर?" याडीनं लापशीचं भांडं आणलंच होतं, तिनं नुसतं झाकण काढून ठेवलं. मी म्हणाले, आधी खीर, मग तुमचं. मोठी माय म्हणाली, तुमच्या गावी आधी खीर, हे गाव आमचं. आवाज चढले नव्हते, पण मागंही कुणी सरत नव्हतं.

मुलगी एवढा वेळ काकाजींच्या मांडीवर होती. आमचं लक्ष गेलं तेव्हा तिचं तोंड हलत होतं. काकाजींनी निखाऱ्यातून काढलेला रोडगा फोडून, आतला मऊ गर तुपात आणि गुळात मळून, आपल्या काळ्या जाड बोटानं तिला चाटवला होता.

"हे काय केलं तुमी?" मोठी माय म्हणाली.

काकाजी आमच्याकडे पाहायलाही तयार नव्हते. "तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "तिले भूक लागलती."

मुलीनं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.